हॉलस्टेड स्ट्रीटवरची आग

(दृश्य : शिकागो, संध्याकाळ. हॉटेलातलं टेबल. वेटरच्या हातात तवा.)

दोन कानांचा लहानसा तवा. त्यात खरपूस तळलेला चीजचा जाड तुकडा. वेटर त्यावर ब्रँडी ओततो, पेटवतो. भप्पकन ज्वाळा उठते आणि अख्खं टेबल ओरडतं, "ओपा!" मग वरून लिंबू पिळलं जातं.

हे सागानाकी. तव्याचंच नाव पदार्थाला पडलंय. ग्रीसमध्येही सागानाकी खातात, पण टेबलाशी आणून पेटवायची रीत तिथली नव्हे. ती शिकागोची. १९६८ साली याच हॉलस्टेड स्ट्रीटवर सुरू झालेलं 'द पार्थेनॉन' हे हॉटेल ती आपली कल्पना म्हणून सांगायचं. २०१६ मध्ये 'द पार्थेनॉन' बंद झालं. पुढच्याच वर्षी 'पेगासस' हे दुसरं ग्रीक हॉटेलही गेलं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

खरं तर ग्रीकटाउन, म्हणजे शिकागोचा हा ग्रीक भाग, आधी इथे नव्हतंच. जरा दक्षिणेला हॉलस्टेड, हॅरिसन आणि ब्लू आयलंड या रस्त्यांमध्ये एक त्रिकोण होता. त्याला 'डेल्टा' म्हणत, ग्रीक लिपीतल्या त्रिकोणी अक्षरासारखा म्हणून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या खेड्यांतून तरुण पुरुष आले, बहुतेक एकटेच. कुणी हातगाडीवर फळं विकली, कुणी बूट पुसले. समाजसेविका जेन ॲडम्स यांचं हल हाउस, म्हणजे स्थलांतरितांना मदत करणारं केंद्र, तिथेच होतं. १८९९ मध्ये वस्तीतल्या ग्रीकांनी हल हाउसमध्ये होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस याच्या घरी परतण्याचं नाटक केलं, तेही प्राचीन ग्रीकमध्ये. परक्या शहरात कष्ट उपसणारी माणसं रात्री होमरचे शब्द पाठ करत होती, या विचारानं मला आजही भरून येतं.

मग आधी एक्सप्रेसवे आला आणि त्यामागून विद्यापीठ. १९६५ मध्ये उघडलेलं ते आवार म्हणजे आजचं यूआयसी, इलिनॉय विद्यापीठाची शिकागो शाखा, भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांच्या ओळखीचं. त्याखाली डेल्टा गेला. घरं गेली, चर्च गेलं. हल हाउसच्या डझनभर इमारतींपैकी दोनच उरल्या.

त्याच १९६५ मध्ये अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि ग्रीकांना दार पुन्हा उघडलं. जुनी वस्ती संपली त्याच वर्षी. नव्यानं आलेल्यांना काम मिळालं ते थोडं उत्तरेला, हॉलस्टेडवरच उभ्या राहणाऱ्या हॉटेलांत. पण राहायला ही मंडळी तिथे आली नाहीत. घरं उपनगरांत, धंदा हॉलस्टेडवर. माझ्या मते पुढच्या पडझडीचं मूळ इथेच आहे. ज्या रस्त्यावर रात्री कुणी आपलं माणूस झोपत नाही, तो रस्ता गिऱ्हाइकांच्या भरवशावरच तगतो. तरीही हॉटेलवाल्यांनी तो पन्नास वर्षं तगवला, हे थोडं नाही.

(दृश्य : चौकातले पांढरे खांब. मागे काचेचे टॉवर.)

हे नवं ग्रीकटाउनही ओसरत गेलं, पण या वेळी कुणी बुलडोझर आणला नाही. शेजारच्या फुल्टन मार्केटमध्ये कत्तलखान्याचा माल साठवणाऱ्या गोदामांच्या जागी गूगल आलं. २०१८ मध्ये मॅकडॉनल्ड्सचं मुख्यालय रँडॉल्फ स्ट्रीटवर आलं. जागेचे भाव चढत गेले. जागा ज्यांच्या स्वतःच्या होत्या, ते आता म्हातारे झालेत. मुलं शिकली, त्यांनी दुसरे व्यवसाय धरले. बारा-चौदा तास भट्टीपाशी उभं राहिलेल्या बापानं पोरासाठी हेच तर मागितलं होतं. मग दोष कुणाला द्यायचा?

(दृश्य : नॅशनल हेलेनिक म्युझियम. नंतर मार्चमधली मिरवणूक.)

२०११ पासून हॉलस्टेडवर ग्रीकांचं संग्रहालय आहे. दर वसंतात ग्रीसच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघते. घागऱ्यासारखा फुस्तानेला नेसलेली पोरं चालतात, आज्या फुटपाथवरून ग्रीकमध्ये हाका मारतात. तेवढी एक दुपार रस्ता पुन्हा त्या भाषेत बोलतो. मग गाड्या उपनगरांकडे वळतात.

(दृश्य : रात्र. १९७१ पासून चालू असलेलं 'ग्रीक आयलंड्स'.)

आत टेबलं भरलेली आहेत. बास्केटबॉलचा सामना पाहून आलेली मंडळी बसलीत. वेटर तवा घेऊन येतो. ज्वाळा उठते. "ओपा!" सगळे ओरडतात. त्यातला एक जण हसत वेटरला त्या शब्दाचा अर्थ विचारतो.