हाडांना नाव कोण देतं?

नाशिककर मित्रहो, आपण बसलो आहोत तिथून रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी लवकर या घाटावर आलात, तर एक दृश्य रोज दिसतं. कुणीतरी लांबच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेलं असतं. हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं, डोळे तारवटलेले, सोबत दोन-तीन नातेवाईक. गुरुजी सांगतील तसं ते पाण्यात उतरतात. अस्थिविलय तीर्थात हाडांचं पाणी होतं, अशी आपली श्रद्धा. मडकं रिकामं झालं तरी तो माणूस थोडा वेळ तसाच उभा राहतो. मी स्वतः वडिलांच्या अस्थी घेऊन इथे असाच उभा होतो.

त्याआधी तिसऱ्या दिवशी आम्ही स्मशानात सावडायला गेलो होतो. ‘सावडणं’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. राखेतून हाडं वेचायची आणि त्यांवर दूध-पाणी शिंपडायचं. हे कुणाचं आहे, हे त्या राखेवर लिहिलेलं नसतं. ते फक्त वेचणाऱ्याला ठाऊक असतं. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. अवशेषाचा अर्थ त्या हाडात किती आणि वेचणाऱ्या हातात किती?

रामकुंडावरून निघून मुंबई रस्त्यानं गेलं की त्रिरश्मीचा डोंगर लागतो. आपण त्याला सवयीनं पांडवलेणी म्हणतो. तिथल्या अठराव्या लेण्यात, चैत्यगृहात, स्तूप आहे. एकाच गावात मृत्यूला दिलेली ही दोन उत्तरं. इकडे अस्थी वाहत्या पाण्याला द्यायच्या, तिकडे त्या जपून त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालायची. बौद्ध परंपरेत या अवशेषांना ‘धातू’ म्हणतात. धातू पोटात ठेवलेला तो धातुगर्भ, आणि त्यावरूनच सिंहली ‘दागब’ आला. आपल्या त्रिरश्मीवरचा स्तूप मात्र पेटी ठेवून वरून रचत नेलेला नाही. डोंगर पोखरताना तेवढा कातळ राखून तो घडवला आहे. म्हणजे नमस्कार मुळात आठवणीला आहे.

बुद्धांच्या अस्थींची वाटणी महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे त्यांच्या अखेरच्या दिवसांच्या पाली कथनात, येते. कुशिनारेत अंत्यसंस्कार झाले आणि मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य असे एकामागून एक दावेदार आले. कुशिनारेचे मल्ल म्हणाले, आमच्या गावात गेले, आम्ही देणार नाही. ज्यानं आयुष्यभर क्षमा शिकवली त्याच्या हाडांवरून लढाई पेटण्याची वेळ आली. मग द्रोण नावाच्या ब्राह्मणानं मध्यस्थी करून आठ भाग केले. द्रोण हे धान्य मोजायच्या मापाचंही नाव आहे, हे इथे आठवतं. स्वतःसाठी त्यानं काय मागितलं? ज्यातून वाटणी केली ते रिकामं भांडं. शेवटी पिप्फलिवनाचे मौर्य पोचले, तेव्हा वाटणी संपली होती. ते चितेतले विझलेले निखारे घेऊन गेले. आठ स्तूप अस्थींवर, नववा भांड्यावर, दहावा कोळशांवर. तिन्हींचा मान सारखाच. मला या कथेत सगळ्यात जवळचे वाटतात ते हे उशिरा आलेले मौर्य.

आता आपल्याकडची हकीकत. त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपान या शक राजाच्या, क्षत्रपाच्या, जावयाचा लेख आहे. आपण कुठे कुठे वाटसरूंसाठी आश्रयस्थानं बांधली ते तो सांगतो. त्यात आपलं गोवर्धन आहे, भरुकच्छ आहे, दशपूर आहे, आणि शूर्पारक, म्हणजे आजचं नालासोपाराही आहे. हे लेख ज्यांनी अभ्यासले त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी अग्रभागी. जुनागढचे हे गृहस्थ डॉ. भाऊ दाजी लाडांच्या तालमीत तयार झालेले. १८८२ मध्ये त्यांनीच सोपाऱ्याला एक टेकाड खणलं. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत.

आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा डबा, त्याच्याभोवती कोंदणासारख्या बसवलेल्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती, सात मानुषी, म्हणजे माणूसरूपात होऊन गेलेले, बुद्ध आणि आठवा मैत्रेय, पुढे येणार असं मानलेला बुद्ध. तांब्याच्या डब्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. भोवती सोन्याची फुलं. त्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. खापऱ्या! भगवानलालांचा अंदाज असा की श्रद्धावंतांनी त्या बुद्धांच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपल्या असाव्यात.

पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. याच राजाच्या सातव्या राज्यवर्षाचा लेख त्रिरश्मीच्या विसाव्या लेण्यात आहे. भवगोप महासेनापतीच्या पत्नीनं, वासूनं, ते लेणं पुरं करवलं. मूर्ती मात्र त्या नाण्याहून कित्येक शतकं उशिराच्या आहेत. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी तो स्तूप उघडला, आतलं सोनं पाहिलं, ते नेलं नाही, उलट आपल्याकडच्या आठ मूर्ती ठेवून पेटी पुन्हा बंद केली. त्या माणसाचं नाव कुठेही नाही.

त्या खापऱ्या खरंच भिक्षापात्राच्या होत्या का, असं मला विचारतात. हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून साताऱ्याला वाघनखं आली तेव्हाही तो विचारला गेला, आणि ती महाराजांचीच असल्याचा पुरावा नाही असं ते संग्रहालयच सांगतं. श्रद्धेच्या नावाखाली हा प्रश्न दाबू नये. पण तो विचारून झाल्यावर दुसरा उरतो. मातीच्या तुकड्यांना सोन्याची डबी करणाऱ्यांना काय जपायचं होतं? गोव्यात फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला दर दहा वर्षांनी लोटणारी गर्दी, १९६३ च्या डिसेंबरात हजरतबल दर्ग्यातला पैगंबरांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाल्यावर पेटलेलं श्रीनगर, यांचं उत्तर पहिल्या प्रश्नात सापडत नाही.

बौद्ध परंपरा अवशेषांचे प्रकार मानते. देहाचे ते शारीरिक, वापरातले ते पारिभोगिक, स्मरणासाठी घडवलेले ते उद्देशिक. बोधिवृक्ष पारिभोगिक, कारण बुद्ध त्याखाली बसले. २०२३ च्या दसऱ्याला अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी त्रिरश्मीच्या पायथ्याशी लावली गेली, ती याच नात्यानं. भरतानं सिंहासनावर ठेवलेल्या पादुका काय, त्र्यंबकहून पंढरीला निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीतल्या पादुका काय, नातं तेच. आमच्या घरी वडिलांचा पितळी अडकित्ता आहे. अंगठा टेकायचा तिथे तो झिजून गुळगुळीत झालाय. आई सुपारी खात नाही, पण दर दिवाळीला चिंचेनं तो लख्ख घासते. अस्थी मी गोदावरीला दिल्या. अडकित्ता द्यायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही.

शेवटी चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. वेठीला धरलेल्या माणसांवर भिंत कोसळली, त्यात चोखोबा गेले. शके १२६० ची ही गोष्ट. नामदेव अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यात अनेकांची हाडं एकत्र झालेली. मग कथा सांगते, नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ते चोखोबाचं म्हणून वेगळं काढलं. जरा डोळ्यांपुढे आणा. वरून ऊन, मातीत बसलेला एक शिंपी, आणि ज्याची सावलीही लोकांना चालत नव्हती त्याची हाडं तो आपल्या कानाला लावतो आहे. सावडणं याहून मोठं मला माहीत नाही.

त्या अस्थी पंढरपूरला आल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच. जिवंतपणी जिथवर येता येत होतं, तिथवरच. आणि त्या ढिगाऱ्यात उरलेली इतरांची हाडं? ती कुणी कानाशी धरली, हे कथा सांगत नाही.

इथून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० ला त्याच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं बंद होती. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं पुस्तक बाबासाहेबांनी तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केलं. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. आणि १९५६ नंतर बाबासाहेबांच्याच अस्थी स्तूपात ठेवल्या गेल्या. दर ६ डिसेंबरला दादरला रांग लागते. आपल्या नाशिकहूनही माणसं रात्रीच्या गाडीनं जातात, लेकरं खांद्यावर घेऊन तासन्‌तास उभी राहतात. तिथे आत जायला कुणी कुणाला अडवत नाही.