वर्णसंकर थांबवणारा राजा आणि त्याच्या घरातली शक सून

मुंबई-आग्रा हायवेवरून दिसणारा हा नाशिकचा पांडवलेणीचा डोंगर. पांडवांचा इथे काडीचाही संबंध नाही बरं का, ही बौद्ध भिक्खूंची 24 लेणी आहेत आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. आपण थेट लेणं नंबर 3 मध्ये जाऊ.

व्हरांड्याच्या भिंतीवर जो ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख दिसतोय ना, तो एका आईने कोरून घेतलाय. गौतमी बलश्री, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. साल कुठलं, तर नातू पुळुमावीच्या राज्याचं 19 वं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. लेकाचं कौतुक करताना ती कुठे थांबतच नाही, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, शक, यवन (ग्रीक), पल्हव अशा बाहेरून आलेल्यांना त्याने संपवलं, क्षत्रियांचा माज उतरवला, तो एकमेव असा ब्राह्मण, आणि मग येतं ते वाक्य ज्यावर अभ्यासक अजून भांडतायत, की त्याने चार वर्णांची सरमिसळ, म्हणजे वर्णसंकर, थांबवली.

आता गंमत बघा, एवढं सगळं कोरून हे लेणं दिलंय कुणाला, तर भद्रयानीय नावाच्या एका बौद्ध पंथाच्या भिक्खूंना! आपल्याला हे विचित्र वाटतं, आजींना अजिबात वाटलेलं दिसत नाही.

आणि सरमिसळ थांबवली असं ठासून सांगावं लागतंय म्हणजे ती चालू असणार, असा अंदाज करता येतो.

पुराव्यासाठी लांब जायला नको, लेणं नंबर 10 मध्ये या. हे दिलंय उषवदाताने. हा शक, आणि शक राजा नहपानाचा जावई, म्हणजे गौतमीपुत्राने ज्यांचा वंश संपवला म्हणतात त्याच क्षहरात घराण्यातल्या राजाच्या घरचा. पण लेख वाचला तर वाटतं याच्यापेक्षा धार्मिक माणूस मिळणार नाही. 3 लाख गायी दान, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण, प्रभासला आठ ब्राह्मणांना बायका मिळवून दिल्या, आणि शिवाय भिक्खूंसाठी हे लेणं आणि 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. ते पैसे नुसते हातात दिले नाहीत, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवले, सरळ एफडीच म्हणा ना. त्यातले 2000 महिना शेकडा 1 दराने, म्हणजे वर्षाचे 240, त्यातून पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12. हिशोब चोख लागतो! आणि संघाचा हा पैसा सांभाळणारे कोण, तर माग चालवणारे लोक.

राजेमंडळी सोडली तर बाकीचे स्वतःबद्दल काय सांगतात? कार्ल्याला जा. दारावर नाव आहे सामी सुताराचं, शेजारी धेनुकाकट नावाच्या गावचा अत्तर-सुगंधी विकणारा सिंहदत्त, आणि खांबांवर चक्क यवन, त्याच धेनुकाकटचे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी भेटते, कुड्याला माळी भेटतो. गाव सांगतात, धंदा सांगतात, बापाचं नाव सांगतात, पण मी वैश्य मी शूद्र असं लिहिणारा दाता शोधावाच लागतो. ब्राह्मण मात्र अधूनमधून आवर्जून सांगतात, कुड्याच्या चैत्यगृहाची दाती भयिला ही ब्राह्मणी, तिचा नवरा अयितिलु ब्राह्मण आणि बुद्धाचा उपासकसुद्धा.

म्हणून काही तेव्हा सगळे समान होते असं कुणी समजू नका, असे व्हिडिओ खूप फिरतात. भिंतीवर नाव येतं ते देण्याइतकं गाठीला असणाऱ्याचं. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो या लेखांत सापडणारच नाही, आणि धर्मशास्त्रांचे सगळ्यात कडक नियम नेमके त्याच्याच वाट्याला होते.

आता शेवटचा स्टॉप, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कान्हेरी. एका पाण्याच्या टाक्याजवळ तुटका लेख आहे, वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला. हा सातकर्णी त्याच सातवाहन घराण्यातला, आणि राणी कोण, तर कार्दमक या दुसऱ्या शक कुळातली, एका महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची लेक. बापाच्या नावाचं फक्त रु शिल्लक राहिलंय, पण अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. म्हणजे शकाची पोरगी सातवाहनांची सून! आणि रुद्रदामनाचा स्वतःचा लेख तिकडे गुजरातेत जुनागढला आहे, साधारण इसवी सन 150 चा, त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाच्या, म्हणजे दख्खनच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं पण संपवलं नाही, कारण नातं जवळचं होतं.