घड्याळाकडे बघणारा एक माणूस

(कोल्हापुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, 'अपस्मार आणि रोजचे जगणे' हा आजचा विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु अनेक वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कोणाला फिट आली, की भोवती जमलेल्यांपैकी एकाने तरी घड्याळाकडे बघावे, एवढीच माझी मागणी आहे.

रंकाळा स्टँडवर मला फिट आली, त्या दिवसाची ही हकिकत आहे. मला स्वतःला त्यातले काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकात कांद्याचा वास होता, मुठीत कोणाचा तरी किल्ल्यांचा जुडगा होता आणि खालच्या दाताची तुटलेली कड जिभेला टोचत होती, कारण दातखीळ उघडावी म्हणून कोणीतरी तोंडात चमचा घातला होता. ती सारी माणसे कळवळ्याने धावली होती, हे मी आजही मानते. परंतु फिटमध्ये जीभ गिळली जात नाही; चमच्याने दात मात्र तुटतो. कांदा, चप्पल, लोखंड यांचे म्हणाल, तर बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, तेवढ्या वेळात कांदा नाकापाशी पोहोचलेला असतो आणि श्रेय त्याला मिळते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वेळ चालली?" सोबतचे एक गृहस्थ म्हणाले अर्धा तास, दुसरे म्हणाले पंधरा मिनिटे. गजरे विकणाऱ्या एक मावशी माझी पर्स घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बस लागली तवा बाई पडल्या, मानसं उतरून हुईस्तवर हातपाय थांबलेबी." डॉक्टरांनी कागदावर लिहिले, अंदाजे दोन मिनिटे. त्या मावशींमुळे माझे उपचार योग्य दिशेने गेले. झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला, तर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि तातडीचे औषध लागते. म्हणून ५ मिनिटे झाली की १०८ला फोन करायचा. तोवर डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवावे, हातपाय दाबून धरू नयेत, झटके ओसरताच कुशीवर वळवावे आणि गर्दी हटवावी.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगते. गोळी ठरल्या वेळीच घ्यावी. नवरात्राचा उपवास असला तरी ती चुकवू नये, आणि अंबाबाईच्या दर्शनासाठी रात्रभर रांगेत जागणे टाळावे, कारण अपुरी झोप झटक्याला आमंत्रण देते. न्हाणीघराची कडी आतून लावू नये, विहिरीत किंवा पंचगंगेत एकट्याने पोहू नये.

लग्नाविषयी एकच सांगते: हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ साली काढून टाकली गेली, तरी आपल्याकडे स्थळ बघताना आजार लपवला जातो आणि मग सासरी गोळ्याही लपूनछपून घ्याव्या लागतात, चुकतात. मूल हवे असेल, तर गोळी परस्पर बंद न करता दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते आणि ते बदलायला वेळ द्यावा लागतो.