कुटुंबासह कॅम्पिंगची जागा कशी निवडावी? तंबू, ग्लॅम्पिंग आणि कॅरॅव्हॅन, आपल्या विदर्भात

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा या भागांतील कॅम्पची छायाचित्रे मोबाइलवर दिसू लागतात आणि बहुतेक कुटुंबे त्या छायाचित्रांवरूनच जागा ठरवून मोकळी होतात. छायाचित्रात तंबू दिसतो, शेकोटी दिसते, दिव्यांच्या माळा दिसतात; परंतु तंबूखालची जमीन, पिण्याचे पाणी आणि रात्री दोन वाजता आजीला ज्या शौचालयापर्यंत जायचे आहे ती वाट दिसत नाही. माझ्या मते जागा निवडायची ती या तीन गोष्टींवरून, आणि नेमका हाच तपशील जाहिरातीत नसल्यामुळे तो आपणच विचारून घ्यावा लागतो.

सुरुवात जमिनीपासून करू. मी या क्षणी वर्धा जिल्ह्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरील एका शेताच्या धुऱ्यावर उभा आहे. माझ्या उजव्या हातात याच शेतातील काळ्या मातीचे ढेकूळ आहे आणि डाव्या हातात रस्त्याकडेचा मूठभर मुरूम. दोन्हींवर मी बाटलीतील थोडे पाणी ओततो. मुरमातून पाणी बोटांमधून निथळून गेले. काळी माती मात्र ते धरून बसली आहे, आणि आता ती बोटाला अशी चिकटली आहे की झटकून निघत नाही. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे पावसात तंबूच्या खुंट्या सैल होतात, तर उन्हाळ्यात त्याच भेगांमध्ये विंचवाला आयता आसरा मिळतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही अवकाळी पाऊस येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, म्हणून ‘आम्ही हिवाळ्यात जात आहोत, मातीचे काय’ असे म्हणून चालत नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, कन्हार जमिनीचीही हीच गत आहे. तंबू मुरमाड उंचवट्यावर किंवा बांधलेल्या चौथऱ्यावर असावा, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा.

पाण्याकाठच्या जागेचा मोह सर्वांनाच होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, इतके देखणे आहेत की मोह होणे स्वाभाविक आहे. पण पाळीच्या अगदी खाली किंवा काठाला लागून तंबू नको. काठावर दव आणि डास जास्त असतात, संध्याकाळी जनावरे पाण्यावर येतात, आणि लहान मुले बरोबर असतील तर मोठ्यांचा सगळा वेळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात जातो. धरणाखालच्या नदीपात्रात तर मुक्काम मुळीच करू नये, कारण वरून पाणी कधी सोडले जाईल हे आपल्याला ठाऊक नसते.

झाडाखाली तंबू लावण्यापूर्वी मान वर करून पाहावे. वाळलेली फांदी आहे का, हे तर पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आग्या मोहोळ. पोळे उंच असते, दिवसभर त्याची कुणालाही जाणीव होत नाही, आणि संध्याकाळी शेकोटीचा धूर वर गेला की माश्या उठतात. मोहाचे झाड असेल तर आणखी एक सावधगिरी: मार्च-एप्रिलमध्ये फुले गळू लागली की पहाटे ती वेचायला गावकरी येतात आणि खायला अस्वलही येते. त्या दिवसांत जंगलालगतच्या मोहाखाली मुक्काम नको.

आता ग्लॅम्पिंगकडे वळू. खाट, संलग्न न्हाणीघर, पंखा किंवा वातानुकूलन असलेला कायमस्वरूपी तंबू आजी-आजोबा आणि तान्ही मुले असलेल्या कुटुंबासाठी खरोखरच सोयीचा असतो, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. मात्र पैसे कशाचे मोजतो आहोत, हे पाहावे. खाट जमिनीपासून उंच आहे का आणि तंबूची चेन खालपर्यंत पूर्ण लागते का, या दोन गोष्टी मला झुंबरापेक्षा मोलाच्या वाटतात. मण्यार हा रात्री फिरणारा विषारी साप जमिनीवरच्या अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा झोपलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. तंबूभोवतीचे गवत कापलेले असावे. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, आणि तो आजार गवता-झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्यातूनच होतो.

ऋतूचा विचार केल्याशिवाय ग्लॅम्पिंगचे आरक्षण करू नये. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त असल्यामुळे ताडोबात गर्दी होते. त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, पण तंबूवर दाट सावली नसेल तर दुपारी कापडाखाली बसवत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर निरुपयोगी ठरतो. शिवाय ताडोबातील सफारी मंगळवारी बंद असते, हे न पाहता सोमवार-मंगळवारचा मुक्काम ठरवणारी कुटुंबे दरवर्षी भेटतात.

थंडीत उलटी अडचण येते. तंबू बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावतो. जादा रजई मागून घ्यावी. शेकोटी बाहेर, मोकळ्या जागेवर आणि परवानगी असेल तरच. गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी करायची हा आपला हक्काचा बेत असला, तरी १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. जंगलाच्या हद्दीत जाळ नाहीच.

दिव्यांविषयीही एक शब्द. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाचे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. असे आकाश पाहायला जाऊन रात्रभर माळा लावून ठेवणारा कॅम्प निवडणे मला तरी पटत नाही.

कॅरॅव्हॅनची, म्हणजे आत झोपण्याची आणि संडासाची सोय असलेल्या गाडीची, गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. तरीही आपल्या ग्रामीण भागात गाडी बहुधा एखाद्या रिसॉर्टच्या किंवा शेतघराच्या आवारातच लावावी लागते. म्हणून मालकाला चार गोष्टी सरळ विचाराव्यात. समृद्धी महामार्गावरून गाडी सहज येते. शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या गावरस्त्याचे काय? गावाची कमान, रेल्वेखालचा बोगदा, बाभळीच्या आडव्या फांद्या आणि झोळ पडलेल्या वीजतारा यांतून तेवढ्या उंचीची गाडी निघते का? उभी करायची जागा मुरमाची आहे का? तीन-चार टनांची गाडी काळ्या मातीत रुतली तर ती काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

विजेबाबत अधिक काटेकोर राहावे. एअर कंडिशनर चालवायचा असेल तर १६ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. शेतपंपाच्या पेटीतून ओढलेली वायर स्वीकारू नये, कारण शेतीच्या फीडरला वीज काही तासच असते आणि दाबही स्थिर नसतो. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. मालकाकडे सेप्टिक टँकची सोय असेल तर तो लगेच सांगतो. ‘तिकडे नाल्यात सोडा’ असे उत्तर आले तर ती जागा सोडून द्यावी. त्याच नाल्यावर पुढच्या गावची गुरे पाणी पितात.

शेवटी अडीअडचणीचे. कोणत्या कंपनीचे नेटवर्क तेथे मिळते, हे विचारून ते सिम एका तरी फोनमध्ये असू द्यावे. मेळघाटात याची गरज हमखास भासते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन्यप्राण्यांविषयी वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन असलेले सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, हे आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारपर्यंत पोहोचावे, म्हणजे जमीन, झाड आणि शौचालयाची वाट उजेडात पाहता येईल आणि तंबू बदलून मागायला वेळही उरेल.