कॅसेट कोणत्या खणात ठेवायची?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'एका रेगे-पॉप अल्बमचा बाजार'. अल्बम अपाची इंडियन या ब्रिटिश गायकाचा, 'नो रिझर्वेशन्स', साल १९९३. समोर पन्नाशीपुढचे बरेच चेहरे दिसताहेत, म्हणजे त्यातलं 'अरेंज्ड मॅरेज' गाणं वाजवून ओळख करून द्यायला नको. पण एक करू या. पायानं चार मात्रा धरा आणि टाळी मात्रेवर न देता दोन मात्रांच्या मधल्या जागेत द्या. हां! तिसऱ्या रांगेतल्या काकूंना लगेच जमलं, भजनी मंडळातल्या असणार. रेगेची, म्हणजे जमैकातल्या त्या संगीताची, गिटार अशीच मधल्या जागेत वाजते. आजचं माझं सगळं बोलणं त्या मधल्या जागेबद्दलच आहे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डोंबिवलीत कॅसेटच्या एका दुकानात कामाला होतो. दुकानात तीन खण. डावीकडे मराठी आणि भक्तिगीतं, मधे हिंदी फिल्मी, उजवीकडे इंग्लिश. एक दिवस पार्सल फोडलं तर वरच ही कॅसेट, पाच नग. काकांनी, म्हणजे मालकांनी, ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुठं लावायची रे?" नाव इंडियन, आडनाव कपूर, बोलण्याचा हेल जमैकाचा. मी ती इंग्लिशच्या खणात लावली आणि दुकानाच्या स्पीकरवर वाजवली.

संध्याकाळी रेल्वेतले एक सरदारजी किशोरकुमारची कॅसेट घ्यायला आले. गाण्यात मधेच 'जालंधर' ऐकू आलं आणि त्यांचा पाकिटातला हात पाकिटातच राहिला. "फिर से लगाओ." मी रिवाइंड केली. तीनदा ऐकलं त्यांनी, काउंटरला टेकून, डोळे मिटून. जाताना किशोरकुमार तसाच राहिला आणि या अल्बमच्या दोन कॅसेट घेऊन गेले. उरलेल्या तीन दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पोरांनी नेल्या.

यापुढचं आठवलं की आजही जीव जळतो. काकांनी वितरकाला फोन करून पंचवीस मागितल्या. तिकडून उत्तर आलं, "इंग्लिश माल आहे, डोंबिवलीला पाच पुष्कळ झाल्या." काकांनी परोपरीनं सांगितलं, अहो, घेणारे इंग्लिशवाले नाहीत, पंजाबी आहेत, मराठी आहेत, मुलं आहेत. ऐकणार कोण? तीन आठवड्यांनी दहा आल्या. तोवर स्टेशनच्या पुलावर नकली कॅसेटींचे ढीग लागले होते. आवाज खरखरता, पण माल हजर. रोज चार-पाच जण विचारायला यायचे आणि हात हलवत परत जायचे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. विकत घ्यायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं, आणि तेही दुसऱ्या कोणी तरी त्याचा खण चुकीचा ठरवला म्हणून, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

जाता जाता या गायकाच्या नावाचं सांगतो, कारण ते फार लोकांना ठाऊक नसतं. खरं नाव स्टीव्हन कपूर. तो बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये वाढला, वेल्डरचं काम केलं. 'अपाची' हा शब्द त्यानं सुपर कॅट या जमैकन गायकाकडून घेतला. सुपर कॅटची ओळख होती 'वाइल्ड अपाची'. आता सुपर कॅटचं खरं नाव ऐका: विल्यम मराघ. मराघ म्हणजे आपलं 'महाराज'! १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० हिंदी मजूर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जमैकात गेले, त्यांच्या वंशातलं हे रक्त. म्हणजे बर्मिंगहॅमच्या पंजाबी मुलानं जमैकाकडून जे उसनं घेतलं, त्यात आपलं थोडं आधीच मिसळलेलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर मूळ मुद्दा भराभर.

'अरेंज्ड मॅरेज' ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १६व्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम मात्र पहिल्या ३०तही आला नाही. त्याच वर्षी मर्क्युरी या ब्रिटनमधल्या वर्षातल्या उत्तम अल्बमच्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत तो होता, पारितोषिक स्वेड या बँडनं नेलं. अपाचीचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'बूम शॅक-अ-लॅक' ५व्या क्रमांकावर पोचलं, पण ते ऑगस्टमध्ये वेगळ्या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आलं. मूळ अल्बमवर ते नव्हतंच. एवढ्यावरून समीक्षक म्हणतात, एकेरी गाण्यांचा गायक, अल्बम खपला नाही.

पण मोजलं कुणी आणि कुठं? तेव्हा यादी करायची गॅलप ही कंपनी. ठरावीक दुकानांत त्यांची यंत्रं, तिथल्या विक्रीवरून हिशोब. लंडनच्या साउथॉलला, हँड्सवर्थला, अशा पंजाबी वस्त्यांत भांगड्याच्या कॅसेट विकल्या जायच्या किराणा दुकानांत, साड्यांच्या दुकानांत, स्वस्तात. तिथं कसलं यंत्र? भांगड्याच्या कॅसेट हजारोंनी खपत आणि यादीत त्यांचा मागमूस नसे. अपाची तिथूनच वर आला. त्याचं पहिलं 'मूव्ही ओव्हर इंडिया' रेगेच्या आणि एशियन अशा दोन्ही वेगळ्या याद्यांत अव्वल होतं. दोन खणांत पहिला, आणि मोठ्या यादीला पत्ता नाही. डोंबिवलीच्या पुलावरचे ढीग तर लंडनला कुठून दिसणार?

म्हणून माझं म्हणणं, या अल्बमला अपयशी म्हणणाऱ्यांनी आधी तो मोजणारी दुकानं पाहावीत.

काका शंभरपानी वहीत विक्री लिहायचे, डावीकडे नाव, उजवीकडे रेघा. दुकान बंद झालं तेव्हा ती वही मी मागून घेतली. ही बघा, आणलीय. त्या महिन्याच्या पानावर नुसतं 'इंडियन' लिहिलंय आणि पुढे पंधरा रेघा. त्यांच्याखाली काकांनी पेन्सिलनं वेगळ्या रेघा ओढल्यात, विचारून परत गेलेल्यांच्या. त्या मी मोजल्या. एकसष्ट आहेत.