हरणासाठी किती गोळ्या लागतात?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते अमेरिकेत बंदुकीत एका वेळी किती गोळ्या मावू द्याव्यात, यावर.

बोलायला बसताना मी समोर टेबलावर एक लाकडी दांडी ठेवली आहे. वीतभराला थोडी कमी, बोटाएवढी जाड, हात लागून लागून एका टोकाला काळपट झालेली. पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांची आहे ती. माणूस अमेरिकन, पण आमच्या मुलीनं त्यांना काका म्हणायला सुरुवात केली आणि मग ते सगळ्यांचेच काका झाले. आता सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. शिकारीला जातात ते वयाच्या बाराव्या वर्षापासून.

ही दांडी एरवी त्यांच्या शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, पोटात असते. शॉटगनच्या मुख्य नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात. तिच्या तोंडाचं बूच फिरवून काढायचं आणि आतल्या स्प्रिंगमध्ये ही दांडी सारायची. मग जिथे चार काडतुसं मावत होती तिथे दोनच मावतात. चेंबरमध्ये, म्हणजे मुख्य नळीच्या मागच्या टोकाला, एक. असे एकूण तीन. अमेरिकेत बदकं, रानहंस, होले अशा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीला जायचं तर शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, हा १९३५ पासूनचा केंद्रीय नियम आहे. शब्द नीट ऐका. भरता कामा नयेत असं नाही, मावताच कामा नयेत. पाणथळीवर वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा सरकारी माणूस, येतो, बंदूक हातात घेतो आणि खालच्या नळीत दोन काडतुसं गेल्यावर तिसरं जातंय का ते सारून बघतो. गेलं, तर दंड.

काकांना मी विचारलं, याचा कधी राग नाही येत? ते म्हणाले, "राग कसला? ही दांडी नसती तर मला मारायला बदकं उरली असती का?"

ते खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात या देशात बाजारासाठी पक्षी मारले जायचे, पोत्यांनी, गाड्या भरभरून. आकाश झाकून टाकणारे प्रवासी पारव्यांचे थवे होते इथे. त्या जातीतली शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. या उधळपट्टीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत शिकारी स्वतः पुढे होते. थिओडोर रूझवेल्ट पट्टीचे शिकारी. त्यांनी आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. प्राण्याला निसटायची न्याय्य संधी असली पाहिजे, ही त्या क्लबची शिकवण. पुढे १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळवला. रायफलीवर आजही अकरा टक्के हा कर लागतो आणि काका तो कुरकुर न करता भरतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, मोठ्या मॅगझिनवर, म्हणजे बंदुकीला लावायच्या जास्त गोळ्या मावणाऱ्या डबीवर, बंदी घालायची भाषा निघाली की लगेच कोणीतरी म्हणतं, "मग शिकाऱ्यांनी काय करायचं?" तीस गोळ्यांच्या मॅगझिनची ढाल म्हणून माझ्या शेजाऱ्याला पुढे केलं जातं. मला ते अजिबात पटत नाही, आणि त्यांना तर त्याहून नाही.

काकांची हरणाची रायफल मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलेली पाहिली आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, तेलाचा वास. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागे ओढायचा, वरून एकेक काडतूस अंगठ्यानं दाबून बसवायचं. चार बसतात. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट पुन्हा ओढावा लागतो, तेव्हा रिकामी पुंगळी टणकन बाहेर पडते. मी विचारलं, चार पुरतात? त्यांनी सांगितलं ते असं: पहिली गोळी नीट विचार करून झाडायची. ती चुकली तर दुसरी क्वचित साधते. तिसऱ्या गोळीपर्यंत हरीण टेकडीपलीकडे गेलेलं असतं, आणि तरीही आपण झाडत राहिलो तर गोळी कुठे जाऊन लागेल ते आपल्याला माहीत नसतं. त्याच जंगलात दुसऱ्या कुणाचा मुलगा नारिंगी जाकीट घालून बसलेला असतो.

ऐकताना मला आमचे आजोबा आठवले. राजापूर तालुक्यात आमची भातशेती, आणि पीक वाचवायला परवान्याची ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा ठासायचं, शेवटी ठिणगी पाडणारी केप बसवायची. एक बार उडाला की पुन्हा हे सगळं पहिल्यापासून. रानडुक्कर काही तोवर थांबत नाही. आजोबा मचाणावर रात्र रात्र बसायचे आणि बहुतेक वेळा बार न उडवताच सकाळी खाली उतरायचे. योगायोग असा की पेनसिल्व्हेनियातही नाताळानंतर खास ठासणीच्या, तेही गारगोटीच्या चापाच्या बंदुकांचा हंगाम असतो, १९७४ पासून. एका गोळीवर भागवणारे हजारो लोक तेव्हा बर्फात जाऊन बसतात. त्यांना कोणी जबरदस्ती केलेली नसते.

आता राज्याराज्यांचे नियम बघा. इथेच या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, असं मला वाटतं. फ्लोरिडात बंदूकधारकांचं राजकीय वजन मोठं, पण हरणाच्या शिकारीला पाचपेक्षा जास्त गोळ्या मावणारी अर्धस्वयंचलित रायफल, म्हणजे बोल्ट न ओढता चाप दाबला की दर वेळी एक गोळी सुटणारी, तिथे चालत नाही. कोलोरॅडोत अशा रायफलीत चेंबर धरून सहाच. आणि आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल मुळात चालतच नाही, तिच्यात कितीही कमी गोळ्या असोत. त्याच पेनसिल्व्हेनियात दुकानात जाऊन तीस गोळ्यांचं मॅगझिन विकत घ्यायला मात्र राज्याची काहीच हरकत नाही. म्हणजे कायद्यानं हरणासाठी गोळ्या मोजल्या, बदकांसाठी मोजल्या. माणसांसाठी मोजायची वेळ आली की हात आखडता घेतला. मला हे सहन होत नाही.

एक उदाहरण मात्र असं आहे की ते मी झटकून टाकणार नाही, कारण मी भात राखणाऱ्याचा नातू आहे. टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत रानटी डुकरांनी शेतकऱ्यांना जेरीस आणलं आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या अंदाजानं देशात साठ लाखांहून जास्त अशी डुकरं आहेत. एका रात्रीत मक्याचं शेत नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. तिथला शेतकरी सांगतो, वीस डुकरांचा कळप समोर आला तर चार गोळ्यांनी काय होणार? त्याच्या डोळ्यांतली झोप आणि त्याचा संताप मला कळतो. आमच्या आजोबांचाही तोच होता.

पण या कामात मुरलेले लोक काय सांगतात? बंदुकीनं कळप संपत नाही, फुटतो. दोन-चार डुकरं पडतात, उरलेली चहूकडे पांगतात, रात्रीचीच बाहेर पडायला शिकतात आणि नव्या शेतात पिल्लं घालतात. म्हणून मिसुरी राज्याच्या वन्यजीव विभागानं २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीवरच बंदी घातली. शिकाऱ्यांच्या गोळ्यांनी सापळ्याचं काम बिघडत होतं. सापळा म्हणजे मोठं गोल कुंपण. त्यात आधी काही दिवस मका टाकत राहायचं, कळपाला सवय लागू द्यायची, दार उघडंच ठेवायचं. शेवटचं पिल्लू आत आलं की मगच दार पाडायचं. आता तर घरी बसून कॅमेऱ्यात बघत मोबाइलवरून दार पाडता येतं. अख्खा कळप एका रात्रीत हाती लागतो. तीस गोळ्यांच्या मॅगझिनची गरज दाखवायला जे सगळ्यात भक्कम उदाहरण दिलं जातं, त्यातही उपयोगाला येतो तो मका आणि धीर.

मग मोठी मॅगझिनं हवीत कुणाला? काहींना नेमबाजीच्या मैदानावर सारखं भरत बसायचा कंटाळा येतो. काहींना घराच्या रक्षणासाठी हवी असतात, आणि हा मुद्दा खरा कायद्याचा आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत हरणाचा उल्लेख नाही. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नागरिकाचा घरात शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला तो प्रामुख्यानं स्वसंरक्षणासाठी. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, आणि माझं मत दहा गोळ्यांच्या मर्यादेच्या बाजूनं आहे. पण तो वाद त्याच नावानं व्हावा. शिकाऱ्याच्या आडून नको.

दहाचा आकडा काही आज आकाशातून पडलेला नाही. १९९४ मध्ये केंद्रीय कायद्यानं दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद केली होती. १३ सप्टेंबर २००४ ला त्या कायद्याची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. त्या दहा वर्षांत हरणाची शिकार एकाही हंगामात थांबली नाही.

८ जानेवारी २०११. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराजवळ एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या पिस्तुलात तेहतीस गोळ्यांचं मॅगझिन होतं. सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. ते मॅगझिन रिकामं झालं, तो दुसरं चढवायला गेला, आणि तेवढ्यात लोकांनी त्याला खाली पाडलं. साठी ओलांडलेल्या एका बाईंनी त्याच्या हातातलं भरलेलं मॅगझिन हिसकावून घेतलं. त्यांना ती संधी तेहतिसाव्या गोळीनंतर मिळाली. दहाव्यानंतर मिळाली असती तर?

पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबरला, कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. तीस गोळ्यांची मॅगझिनं, पाच मिनिटांच्या आत रायफलीतून दीडशेहून जास्त गोळ्या. एका वर्गात गोळीबाराला क्षणभर खंड पडला तेव्हा काही मुलं दारातून धावत सुटली आणि वाचली. मॅगझिन लहान असलं की हेच होतं, खंड पडतो. कुणाला पळायला मिळतं, कुणाला झडप घालायला. यापलीकडे मी त्या मर्यादेकडून काही मागत नाही. तिनं सगळं थांबेल असं मी म्हणत नाही.

आमची मुलगी तिसरीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ती घरी येऊन सांगते, आज ड्रिल होतं, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याचा सराव. दिवे बंद, खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून सगळ्यांनी खाली बसायचं. शिंक आली तर दाबायची. गेल्या वेळी तिला शिंक दाबता आली नाही, म्हणून ती रडत घरी आली. त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो आणि त्यांच्या टेबलाशी बसून हे सगळं पहिल्यांदा बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग आत गेले आणि ही दांडी घेऊन आले.

व्हरमाँटची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तिथे घराघरात शिकारी आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. रायफलीला दहा गोळ्या, पिस्तुलाला पंधरा. काकांचे एक जुने मित्र तिथे राहतात, दर नोव्हेंबरला जंगलात जातात, त्यांच्या रायफलीत पूर्वी पाच मावायच्या आणि आजही पाचच मावतात. त्यांना काहीच बदलावं लागलं नाही.

पेनसिल्व्हेनियात राहणारे आणि इथे मत देऊ शकणारे जे मराठी श्रोते आहेत त्यांना एवढंच सांगतो, राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, तुमचा आमदार बसतो, त्याला पत्र लिहा. मी लिहिलं आहे. काकांनीही लिहिलं, हातानं, दोन पानं. पहिल्याच ओळीत आपण साठ वर्षं शिकार करतो हे नमूद केलं.

दांडी मला आज रात्रीच परत द्यायची आहे. बदकांचा हंगाम चालू आहे, आणि पहाटे पाचला ते नदीवर निघतात.

नमस्कार.