तालीसपत्र: सियागंजच्या गोणीतलं हिमालयाचं झाड

इंदूरच्या सियागंजात पंसाऱ्याकडे तालीसपत्र मागितलं की वाळकी, बारीक, सुईसारखी पानं पुडीत बांधून मिळतात. ही पानं मुळात फरची, म्हणजे नाताळच्या चित्रात असतं ना ते उंच निमुळतं झाड, तेच. आपल्याकडे कुंडीत ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते बहुतेक वेळा ऑराकेरिया असतं, फर नाही.

माळव्यात फर उगवणारच नाही, इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर आणि हिमालयातला हा फर साधारण २८०० ते ४००० मीटरवर वाढतो. पण खोकल्याला मधातून तालीसादी चूर्ण कुठल्या मराठी घरात दिलं नसेल सांगा! शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदाचार्याच्या कृतीत तालीसपत्र एक भाग, मिरी दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारा पांढरा पदार्थ) पाच, वेलची-दालचिनी अर्धा-अर्धा आणि साखर तब्बल ३२ भाग, म्हणून तर पोरं बिनबोभाट चाटतात.

आता नावाचं बघा, कारण खरी भानगड तिथेच आहे. हिमाचलात फरला तोष म्हणतात, जर्मनीत टाने. इंग्रजी फर आणि जर्मन फ्योरं हे सख्खे शब्द, पण जर्मन माणूस फ्योरं म्हणतो ते पाइनला, म्हणजे चीडच्या झाडाला, आणि भाषातज्ज्ञ त्याच मुळाशी लॅटिनचा क्वेर्कुस जोडतात, ज्याचा अर्थ चक्क ओक! आपला पाच इंग्रजीत फाइव्ह आणि लॅटिनमध्ये क्विंक्वे होतो ना, तोच नियम इथे लागतो, मूळचा प एकीकडे फ झाला, दुसरीकडे क्व. लोक नव्या मुलखात गेले, नाव सोबत नेलं आणि समोर जे मोठं झाड दिसलं त्याला देऊन टाकलं, असं मला वाटतं.

तालीसपत्राचंही तसंच झालंय, फक्त इथे गोष्ट पोटात जाणाऱ्या औषधाची आहे. काही भागांत याच नावाने यू नावाच्या झाडाची पानं विकली जातात, शास्त्रीय नाव टॅक्सस. कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल याच कुळातून मिळालं, त्यापायी हिमालयातली यूची झाडं इतकी ओरबाडली गेली की आज ती धोक्यात आहेत. पण यूच्या पानात टॅक्सीन नावाचं विष असतं, ते थेट हृदयावर जातं. म्हणून पुडीवरच्या नावावर विसंबून राहू नका, पान हातात घेऊन बघा. फरच्या पानाचं टोक बहुधा मधोमध जरासं चिरलेलं असतं आणि पाठीवर दोन पांढरट रेघा असतात, यूचं टोक अणकुचीदार आणि पाठ नुसती फिकट हिरवी. वाळल्यावर रंग उडतो, तेव्हा टोकच नीट बघायचं, शंका आली तर वैद्यांना दाखवायचं, आणि दळलेल्या चूर्णात तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ते खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यायचं.